महाराजांचं पान हरवलं

"पत्त्यात आमचं नाव नाही? कोणी केला हा आगाऊपणा?" रणधीर महाराज कडाडले.

झालं होतं एवढंच. कारागिरांनी बनवलेली सॉफ्टवेअरं जिथं ठेवायची, ती राज्याची वेबसाइट संतू कासार सांभाळायचा. त्यानं पानांचे पत्ते आटोपशीर केले. 'राज्य/शेती/पेरणी' लिहिलं की पेरणीचं पान हजर. केवढा हा अपराध! संतूची रवानगी कोठडीत झाली आणि त्याची मुलगी सगुणा दरबारात उभी राहिली.

"पोरी, प्रत्येक पत्त्यात आधी आमची बिरुदं हवीत! त्याखाली सेनापतींची, त्याखाली प्रधानजींची, मग राजगुरूंची..."

"आणि पेरणी?"

"ती शेवटी, उरली जागा तर! पण पान शोधताना एकही माणूस चुकता कामा नये. उद्या दुपारपर्यंत जमलं तर बाप सुटेल. नाहीतर जन्मभर आत!"

सगुणा हात जोडून म्हणाली, "जशी आज्ञा, महाराज. एकही पान सोडणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी महाराजांना सडकून भूक लागली. जेवण मागवायलाही 'थाळी' नावाचं सॉफ्टवेअर होतं आणि त्याचं पान महाराज जातीनं उघडत. दुसऱ्याचा काय भरवसा! ते पान उघडल्याशिवाय मुदपाकखान्यात पळी हलत नसे.

महाराज लिहू लागले, 'श्रीमंत-प्रजापालक-शत्रूमर्दन...' मग सेनापतींची बिरुदं, मग प्रधानजींची. राजगुरूंपर्यंत पोचेतो घाम फुटला.

'पान सापडलं नाही.'

पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच! पोटात कावळे कोकलू लागले.

"सगुणे! आमचं पान कुठाय?"

"जागच्या जागी आहे, महाराज. फक्त 'शत्रुमर्दन'मधला 'त्रु' ऱ्हस्व असतो. तुम्ही दीर्घ काढलात!"

प्रधानजींना एकाएकी खोकल्याची उबळ आली.

"महाराजांना स्वतःचं बिरुद लिहिता येईना," सगुणा म्हणाली, "मग शेतकऱ्यानं ते सगळं लिहून पेरणी कधी करायची? दिवाळीत?"

सेनापती उसळले, "अगं, पण आमच्या मानाचं काय?"

"त्याची वेगळी सोय केलीय की! 'राज्य/मानपान'. सगळ्यांची बिरुदं तिथं, एका पानावर. ज्याला मान हवा त्यानं मानपान उघडावं. ज्याला भूक लागलीय त्यानं नुसतं 'राज्य/थाळी' लिहावं!"

महाराजांनी निमूट 'राज्य/थाळी' लिहिलं. आतून लगेच फोडणीचा चर्र आवाज आला, आणि महाराज पोट धरधरून हसत सुटले.

"संतूला सोडा! आजपासून वेबसाइट या पोरीच्या हाती! आणि आज हिचं पान आमच्या शेजारी मांडा!"

"आणि आमचं पान, महाराज?" सेनापतींनी हळूच विचारलं.

"तुमचं? मानपानात शोधा!"