पूर्वेच्या भिंतीवरचा कण

त्या राज्यात मान होता तो ताप सोसणाऱ्याला. ज्याला सोसवत नसे त्याचे पुढे कुणी नावही काढत नसे.

राळेच्या कड्या तिथे एकमेकींचे हात धरून लांबच लांब रांगांत राहत. स्वभावाने मऊ आणि बोलक्या, पण जरा आच लागली की त्यांचे हात सुटत. म्हणून भट्टीत जाण्याआधी प्रत्येक रांगेने एखाद्या धातूला पाहुणा म्हणून आपल्यात उभे करायचे, अशी रीत पडली होती.

अशाच एका रांगेत तांब्याचा एक कण आला. दूरच्या डोंगरातल्या खाणीतून त्याला काढले होते. दोन हातांनी त्याने दोन बाजूंच्या कड्या धरल्या आणि उरलेल्या दोन हातांत खाणीतल्या झऱ्याचा एक थेंब जपून ठेवला. जी रांग टिकेल तिला पूर्वेच्या भिंतीवर जागा मिळणार होती, आणि त्या भिंतीवरून त्याचा डोंगर दिसे. तो आला होता तो एवढ्याचसाठी. त्याला घरची फार आठवण येई.

उजवीकडची कडी रोज त्याच्याकडून डोंगराचे वर्णन ऐके. तिचा जन्म काचेच्या भांड्यातला, त्यापलीकडचे तिने काही पाहिले नव्हते.

"भिंतीवर पोचलो की मला बोट करून दाखव हं," ती म्हणायची. "नाहीतर एकटाच बघत बसशील."

"तू हात सोडू नकोस म्हणजे झालं," कण म्हणायचा.

रांग काट्याच्या पारड्यात बसली आणि पारडे भट्टीत गेले. काटा हा राज्याचा परीक्षक, त्याचा शब्द सगळे मानत. भट्टी थोडी तापताच पारडे हलके झाले.

"सुटली रांग!" काटा ओरडला.

"रांग नाही सुटली, काटेबुवा," कण म्हणाला. त्याचे दोन हात रिकामे झाले होते. "माझा थेंब गेला."

"मला वजन कळतं, बाबा. कोण गेलं ते कळत नाही."

भट्टी कुणासाठी थांबत नसे, ती आपल्या चालीने तापत राहिली. कणाने रिकाम्या झालेल्या हातांनीही कड्यांना घट्ट धरले. ज्या आचेला इतर रांगा विरून गेल्या होत्या ती आच मागे पडली. काटा चकित झाला. मग दूरच्या टोकाची एक कडी सुटली, तिच्यामागून दुसरी, आणि धुराड्यातून पांढरट धूर जाऊ लागला. उजवीकडची कडी सगळ्यांत शेवटी राहिली.

"कसा आहे रे तुझा डोंगर?" तिने विचारले.

कण सांगू लागला. झऱ्यापर्यंत आला तेव्हा ऐकायला कुणी नव्हते.

भट्टी आणखी तापली, पण काटा आता जागचा हलेना.

"यापुढे याचं काहीच कमी होत नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "इतका स्थिर मी आजवर कुणी पाहिला नाही!"

राज्यभर कौतुक झाले. काळ्या पडलेल्या कणाला वाजतगाजत पूर्वेच्या भिंतीवर नेऊन डोंगराकडे तोंड करून बसवले.

सकाळी हवा स्वच्छ होती आणि डोंगर पायथ्यापर्यंत दिसत होता. भिंतीच्या पहारेकऱ्यांना मात्र कण उलट्या दिशेला, भट्टीच्या धुराड्याकडे वळलेला सापडला. त्याचा एक हात बाजूला पसरला होता, शेजारी एक कडी मावेल एवढी जागा ठेवून. आणि दुसऱ्या हाताने तो मागे, डोंगराकडे बोट दाखवत होता.