एकाच मापाची गोळी

“…पण माप तर एकच होतं, महाराज. मग इंदूबाईंनाच का ओकाऱ्या?”

आनंदगिरी महाराज ओसरीवर बसून पेज निववत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा निशिकांत बोंडे, सुवर्णपदक मिळवलेला डॉक्टर. महाराज स्वतः संन्यास घेण्याआधी फौजेत डॉक्टर होते. आता गिरणा नदीकाठच्या या मठात ते मोठ्या दवाखान्यांनी ‘घरी न्या’ म्हणून सांगितलेली माणसं ठेवून घेत. त्यांना बरं करणं कुणाच्या हाती नव्हतं. दुखणं कमी करणं होतं. तेवढं शिकायला निशिकांत वर्षापूर्वी आला होता, आणि ते आपल्याला आता आलं, असं त्याला वाटत होतं.

त्याने सगळं पुन्हा सांगितलं. भावडू महाजन आणि इंदूबाई कासार, दोघंही साठीची. वजन जवळपास सारखं, दोघांच्याही हाडांत कर्करोग उतरलेला. दोघांना मॉर्फिनची सारखीच गोळी, त्याच वेळेला. भावडू गाढ झोपतो. इंदूबाईंना मात्र मळमळ, ओकाऱ्या, भोवळ. ओकारीवरचं औषध देऊनही फरक नाही. कालपासून त्यांनी गोळी घेणंच बंद केलं होतं आणि आता खाटेची दांडी धरून कण्हत पडल्या होत्या.

“त्यांनी मनातच घेतलंय,” निशिकांत म्हणाला. “बायका जरा जास्तच…”

पुढचं त्याने गिळलं.

“माप कुठून घेतलंस?”

“आपल्या वहीतून.”

“आण ती.”

खाकी पुठ्ठ्याची जुनी वही आली. कुणाला किती औषध दिलं, कसं लागू पडलं, हे महाराजांनी फौजेत असताना तिच्यात लिहून ठेवलं होतं.

“नावं वाच.”

निशिकांत वाचू लागला. हवालदार, शिपाई, नाईक. पान उलटलं. पुन्हा शिपाई, सुभेदार, शिपाई… तिसऱ्या पानावर त्याचा आवाज मंदावत थांबला.

“का थांबलास?”

“यात एकही बाई नाही.”

“छावणीत बाई कुठली?”

निशिकांतने वही मिटली. “मग बाईचं माप कोणतं, महाराज?”

महाराजांनी पेजेची वाटी त्याच्या हातात दिली आणि इंदूबाईंच्या खोलीकडे बोट दाखवलं.

त्या खोलीत निशिकांत रोज दोनदा जात असे. बसला मात्र कधी नव्हता. आज बसला. चमच्याचमच्याने पेज भरवू लागला आणि इंदूबाई अधूनमधून थांबत बोलू लागल्या. चाळीस वर्षं त्यांनी गावोगाव फिरून बायकांना बांगड्या भरल्या होत्या. मागच्या रविवारी लेक महिन्याची नात घेऊन आली होती. पण खोली अशी फिरत होती, की बाळ हातून पडेल म्हणून त्यांनी त्याला घेतलंच नाही. लेक रडत परत गेली. जाताना निशिकांतने तिला दारात सांगितलं होतं, की तुमच्या आई औषधाला साथ देत नाहीत. ते इंदूबाईंनी खाटेवरून ऐकलं होतं.

निशिकांतचा चमचा वाटीतच राहिला.

“दुखणं माझ्या वळखीचं आहे, डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “हे गरगरणं वळखीचं नाही. दुखत असलं तरी मी लेकराला धरीन. गरगरलं तर कशी धरू?”



निशिकांतने गोळी निम्मी केली. ओकारीचं औषध बदललं. प्रत्येक गोळीनंतर येऊन विचारू लागला, कुठे दुखतंय, कधी फिरतंय, पोटात काय ठरतंय. पाचव्या दिवशी दुखणं पुरतं गेलं नव्हतं, पण जमीन जागेवर आली होती. निशिकांतने स्वतः लेकीला निरोप पाठवला. ती आली. इंदूबाई भिंतीला टेकून बसल्या आणि नातीला त्यांनी मांडीवर घेतलं. तिचं इवलं मनगट दोन बोटांत धरून त्या कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या.

त्या दिवशी निशिकांतने वहीत लिहिलं : बायकांना निम्मं. खाली दोन रेघा ओढल्या. त्याला हायसं वाटलं.

आठवड्याने रेवतीबाई देवरे आल्या. निवृत्त शिक्षिका, मोजकं बोलणाऱ्या. निशिकांतने त्यांना निम्मी गोळी दिली. मळमळ नाही, भोवळ नाही… आणि उतारही नाही. तक्रार करायची त्यांना सवय नव्हती. दुपारी त्याने चादर बदलायला घेतली, तेव्हा तिचा कोपरा दातांनी चावून फाटलेला दिसला. मग त्याने माप वाढवत वाढवत पूर्ण गोळीवर नेलं. ती त्यांना सोसली आणि दुखणंही थांबलं.

आता त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरच विश्वास उरला नाही. तो भावडूच्या खाटेशी जाऊन बसला आणि त्यालाही विचारलं. भावडू आधी लाजला. मग म्हणाला, सहा दिवस पोट साफ नाही, सगळं अंग खाजतं, झोपेत कुणीतरी छातीवर बसल्यासारखं वाटतं.

“बोलला का नाहीत?”

“तुम्ही मला बघून खूश व्हायचे, साहेब.”

निशिकांतने त्याचे श्वास मोजले. फार सावकाश चालले होते. त्याने भावडूचंही माप उतरवलं. मग वही उघडली, आपलीच ओळ खोडली आणि लेखणी हातात धरून बसून राहिला. त्या ओळीच्या जागी लिहायला त्याच्याकडे काही नव्हतं.

संध्याकाळी तो महाराजांपुढे येऊन बसला.

“वही खोटी म्हणावी, तर भावडूचं दुखणं तिनेच थांबवलं. खरी म्हणावी, तर इंदूबाई… आणि बाई म्हणून निम्मं दिलं, तर रेवतीबाई दिवसभर तळमळल्या.”

“बाईत आणि पुरुषात फरक आहे?”

“आहे. नव्या पुस्तकांतही आहे. बायकांना मळमळ जास्त होते. पण…”

“पण?”

निशिकांतने वही महाराजांपुढे ठेवली.

“इथे आलो तेव्हा मला जास्त कळत होतं, महाराज. उद्या सकाळी कुणाला किती द्यायचं, हे मला खरंच माहीत नाही. प्रत्येकाच्या खाटेपाशी जाऊन बसल्याशिवाय सांगता यायचं नाही.”

महाराजांनी गळ्यातला दोरा डोक्यावरून काढला. दोऱ्याला मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली होती. मठ सुरू झाल्यापासून ती त्यांनी कुणाच्या हातात दिली नव्हती; रोजच्या गोळ्या ते स्वतःच काढून देत.

“घे,” ते म्हणाले. “उद्यापासून कपाट तू उघड.”