बाबांसाठी राखलेली बॅटरी

"अजून किती जीव उरलाय त्यात?"

अलोणीबाबांनी डोळे न उघडताच विचारलं. श्रीकरनं हातातल्या फोनकडे पाहिलं.

"चौतीस टक्के, बाबा."

"मग माझ्यापेक्षा बरा आहे," बाबा म्हणाले आणि कुशीवर वळले.

श्रीकर चरकला. रेकॉर्डिंग सुरू नव्हतं. एवढं वाक्य बाबा बोलून गेले आणि ते कुठंच राहिलं नाही.

नर्मदेच्या अडवलेल्या पाण्याकाठी, सातपुड्याच्या एका टेकाडावर बाबांची कुडाची झोपडी होती. खाली पाडा, पाड्याच्या खाली पाणी. टेकाडावर वीज कधी आलीच नव्हती. छपरावर लहानसं सोलर पॅनल होतं, ते श्रीकरनंच आणून बसवलेलं. पण त्या पौषात आभाळ असं काही धरून आलं की ऊन कसलं ते दिसेना. पॅनल नुसतं आभाळाकडे तोंड करून पडलेलं. जोडीची चार्जिंगची बॅटरीही केव्हाच रिकामी झाली होती. तालुक्याला जाऊन यायचं तर होडीनं अख्खा दिवस मोडणार, आणि बाबांना सोडून जायचं कसं?

बाबा मीठ खात नसत, म्हणून अलोणीबाबा. कुठले, कुणाचे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांचं बोलणंही त्यांच्या जेवणासारखंच होतं. थोडं, आणि वरून काही न घातलेलं.

श्रीकर दाभाडे नाशिकच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचा. एकदा सहज म्हणून इथं आला, दुसऱ्यांदा आला, आणि तिसऱ्यांदा आला तो नोकरी सोडूनच. बाबा काही बोलले की तो फोनवर उतरवून घ्यायचा, डोंगराच्या माथ्यावर रेंज मिळे तिथं चढून जायचा आणि शहरातल्या मंडळींना पाठवायचा. शेकडो लोक ऐकत. 'श्रीकरजी, तुम्ही नसता तर हे सगळं मातीत गेलं असतं,' असं कुणी लिहिलं की तो ते दोनदा वाचायचा.

आता बाबांच्या पायांवर सूज चढली होती. चार शब्दांनी धाप लागे. होडीनं डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, दवाखान्यात हलवा. बाबांनी त्यांना हात जोडले, गुळाचा खडा हातावर ठेवला आणि वाटेला लावलं. जाताना डॉक्टर श्रीकरला बाजूला घेऊन म्हणाले, "फार दिवस नाहीत."

त्या दिवसापासून श्रीकर फोनला जिवापाड जपू लागला.

बाबांचे शेवटचे बोल त्यात राहायला हवे होते.

...

"बाबा, एक विनंती आहे."

"बोल."

"तुम्हाला काही सांगावंसं वाटलं, म्हणजे... महत्त्वाचं... तर आधी बोट वर करा. मी लगेच सुरू करतो. बाकीच्या वेळी फोन बंद ठेवीन, म्हणजे पुरेल."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं.

"आणि महत्त्वाचं नसलं तर?"

"तर... तर काय, बाबा. तुम्हालाच त्रास होतो बोलायचा."

बाबांनी मान डोलावली.

त्या दिवशी त्यांनी बोट वर केलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बोलणंही थांबलं. 'चहा उकळू देत जा', 'झोपलास का', 'कसला पक्षी ओरडतोय बघ', असली बिनकामाची वाक्यं रोज झोपडीत इकडंतिकडं पडलेली असायची. तीही नाहीशी झाली. श्रीकर उशाशी फोन धरून बसला होता आणि झोपडी ओस पडल्यासारखी वाटत होती.

एकदा बाबांचं बोट हललं. श्रीकरनं धडपडत फोन सुरू केला, त्यांच्या तोंडाजवळ नेला.

बाबा कान खाजवत होते.

...

जातरीबाई पाड्यातली विधवा बाई. बाबांसाठी रोज बिनमिठाची भगरीची पेज घेऊन टेकाड चढायची. त्या दिवशी ती आली तीच हसत.

"बाबा, शेळीनं जावयाचा नवा सदरा खाल्ला!"

"सगळा?"

"बाह्या ठेवल्या."

बाबांना हसू आवरेना. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी हसतच राहिले. मग जावई काय म्हणाला, शेळीला मार बसला का, लेक कुणाच्या बाजूनं बोलली... धाप लागत होती, तरी एकेक विचारत होते.

श्रीकर कोपऱ्यात बसून ऐकत होता. ती टेकाड उतरून गेली तेव्हा त्याला राहवलं नाही.

"बाबा, तिच्याशी बोलता. माझ्याशी नाही बोलत."

"तिला काही साठवायचं नसतं," बाबा म्हणाले.

आणि त्यांनी पेजेचं भांडं पुढं ओढलं.

...

"तो इतके दिवस पुरतो कसा रे?" एका दुपारी बाबांनीच विचारलं.

श्रीकरला बरं वाटलं. निदान हे तरी त्याला येत होतं.

"पडदा अगदी मंद ठेवायचा, बाबा. उजेडच सगळ्यात जास्त खातो. मागच्या मागे कितीतरी गोष्टी चालू असतात, आपल्याला कळतही नाही. त्या एकेक करून मिटायच्या. थरथर बंद, घंटी बंद. तापू द्यायचा नाही. आणि एरवीसुद्धा, अगदी रिता होईपर्यंत थांबायचं नाही, आणि काठोकाठ भरूनही ठेवायचा नाही. त्यानं बॅटरीचं आयुष्य वाढतं."

"एवढंच?"

"अजून एक आहे. इथं खाली रेंज नाही. पण त्याला कुठं ठाऊक? तो सारखी रेंज शोधत बसतो. शोधण्यातच लवकर संपतो. म्हणून त्याचं शोधणंच बंद करून टाकायचं. मग बघा कसा टिकतो!"

बाबा ऐकत होते. त्यांचा श्वास घरघरत होता.

"पुन्हा सांग."

"काय? रेंजचं?"

"हं."

श्रीकरनं पुन्हा सांगितलं. या वेळी सावकाश, वर्गात सांगावं तसं.

"तुला ऐकू आलं?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे काय, बाबा? मीच तर सांगतोय."

"हो... तूच सांगतोयस."

बाबांनी डोळे मिटले. श्रीकरला उगाचच कसंतरी झालं. तो उठून बाहेर गेला आणि आभाळाकडे बघत उभा राहिला. ढग तसेच होते.

...

त्या सांजेला बाहेर बुरबुर लागली होती. जातरीबाई पेज घेऊन आली आणि बाबा तिच्याकडे बघतच राहिले.

"पाय का ओढतेस?"

"काही नाही, बाबा. बोरीचा काटा मोडला. चार-पाच दिवस झाले."

श्रीकरनं पहिल्यांदा तिच्या पायाकडे पाहिलं. टाच फुगून लाल झाली होती. रोज ती त्याच्या समोरूनच चढत-उतरत होती.

"बस," बाबा म्हणाले. "सुई आण, श्रीकर. धुनीत धरून आण."

चिमणीतलं रॉकेल संपलं होतं. धुनीच्या उजेडात काटा दिसेना. बाबांनी टाच दाबून पाहिली, तशी बाईनं ओठ दाताखाली धरला.

"फोनचा दिवा लाव."

श्रीकर जागचा हलला नाही.

"बाबा... सात टक्के उरलेत. दिव्यानं सगळं जाईल."

"लाव."

"तुमचं काहीच अजून... बाबा, लोक वाट बघतायत. सकाळी उजेड झाला की काढू ना. एका रात्रीनं काय होतंय?"

"तुझा पाय आहे का?"

जातरीबाई उठायला लागली. "राहू दे बाबा, मास्तर बरोबर म्हणतो. उद्या काढू."

बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. दुसरा हात श्रीकरपुढे धरला.

श्रीकरनं फोन सुरू केला, दिवा लावला आणि त्यांच्या हातात दिला.

"माझे हात कापतात," बाबा म्हणाले. "मी उजेड धरतो. काटा तू काढ."

मग श्रीकरनं तिचा पाय मांडीवर घेतला. भेगाळलेला, चिखलानं माखलेला, तापानं कढत झालेला पाय. त्यानं जन्मात कुणाच्या पायातला काटा काढला नव्हता. बाबांच्या हातातला उजेड थरथरत टाचेवर येई, सरके, पुन्हा येई. एकदा सुई भलतीकडेच गेली. बाई कळवळली पण पाय मागे घेतला नाही. आधी पू आला, मग काळं रक्त आणि मग काट्याचं टोक. नखांच्या चिमटीत धरून त्यानं ते ओढलं.

"आला," तो म्हणाला.

गरम पाण्यानं जखम धुऊन तो फडकं बांधत होता, तेवढ्यात दिवा विझला.

झोपडीत धुनीचा लालसर उजेड तेवढा राहिला. श्रीकरनं फोन हातात घेतला, कळ दाबली, पुन्हा दाबली.

"संपलं," तो म्हणाला.

"ठणका कमी झाला का गं?" बाबांनी विचारलं.

...

जातरीबाई गेली आणि बाबा बोलायला लागले.

कुणी न विचारता. थांबत, धाप खात. कुठल्याशा बाजारातून वडिलांनी एक गाय आणली होती, ती एका डोळ्यानं आंधळी निघाली, त्याची गोष्ट. श्रीकर भिंतीकडे तोंड करून बसला होता. डोक्यात राग नुसता घुमत होता. आता बोलतात! आता, फोन मेल्यावर! अर्धी गोष्ट अशीच रागात गेली. ऐकू यायला लागलं तेव्हा गाय मेलेली होती, आणि बाबांची आई रित्या गोठ्यात बसून राहिली होती.

"मग, बाबा?" तो वळून म्हणाला.

"मग काय... मग मी घरातून निघालो."

गाय कशी मेली, हे विचारायचं त्याला धाडस झालं नाही. ते कायमचं राहून गेलं.

दोन दिवसांनी, दुपारची पेज तशीच निवत पडलेली असताना, बाबा गेले. श्रीकर त्यांचे पाय चेपत बसला होता. त्यांनी डोळे उघडले, त्याच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलले. मग श्वास खाली गेला तो वर आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. पाड्यातल्या माणसांनी टेकाडावरच खड्डा खणला. जातरीबाई टाचेचं फडकं सांभाळत मातीच्या पाट्या वाहत होती. छपरावरचं पॅनल तापलं आणि कोपऱ्यात चार्जिंगच्या तारेला तसाच लागलेला फोन आपोआप जागा झाला. श्रीकरनं तो पालथा घालून ठेवला.

निरोप मिळताच निघालेली नाशिकची मंडळी होडीनं पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. त्यांच्यातले वकील कुलथे बाबांचे जुने श्रोते. बाबांचं एकेक वाक्य त्यांना पाठ होतं. त्यांनी मातीला डोकं टेकलं, डोळे पुसले आणि श्रीकरजवळ येऊन बसले.

"शेवटचं रेकॉर्डिंग असेल ना, श्रीकरजी?"

"नाही."

कुलथ्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी स्वतःचा फोन काढला, रेकॉर्डिंगचा लाल ठिपका लावला आणि श्रीकरच्या तोंडापुढे धरला.

"पण तुम्ही तर जवळ होतात. काय म्हणाले? जसंच्या तसं सांगा. एक शब्द इकडचा तिकडे नको."

श्रीकरनं त्या ठिपक्याकडे पाहिलं. मग नजर ताज्या मातीकडे वळवली.

"म्हणाले, 'दार लोटून घे रे, श्रीकर... तुझ्या पाठीला गार लागतंय.'"