मन्मथचं हलकं घर

"अप्पा, आता आणखी काय काढू?"

मन्मथ शेटे मठाच्या पायरीवर अजून नीट टेकलाही नव्हता, तोवर त्यानं हे विचारलं. तसं टेकणं त्याला जमतच नसे. आल्यापासून त्यानं ओसरीचा खांब बोटानं वाजवून पाहिला होता आणि प्यायला दिलेला पाण्याचा तांब्या दोनदा हातात तोलला होता.

बसलिंगअप्पा विभूती चाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कशातून?"

"घरातून. चाकावरच्या."

अप्पा चाळत राहिले...

चाकावरच्या घराची गोष्ट एव्हाना सगळ्या गल्लीला पाठ झाली होती. मन्मथ लातूरच्या एका डाळमिलमध्ये सुपरवायझर. मिल सुटल्यावर आणि सुटीच्या वारी तो अंगणातल्या लिंबाखाली हे घर बांधत असे. मोटारीच्या मागं जोडायचं, रात्र होईल तिथं उभं करायचं, आत झोपायचं, उजाडलं की पुढं निघायचं. रिक्षाची दोन चाकं, त्यावर प्लायवूडची पेटी, छताला थर्माकोल, वरून फायबरचा लेप. गल्लीतले लोक त्याला खुराडं म्हणत. मन्मथ घरच म्हणायचा.

आणि ते घर होतं महानंदासाठी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मन्मथच ते विसरला.

महानंदा त्याची बायको. लग्नाच्या वर्षी त्यानं तिला म्हटलं होतं, तुला समुद्र दाखवीन. मग मिलचा सीझन आला, पोरींच्या शाळा आल्या, पोरींची लग्नं आली. तिनं तगादा लावला नाही. दुसरं काही मागितलंही नाही. पोरी सासरी गेल्यावर तिनं एकदाच आठवण करून दिली, आणि लगेच म्हणाली, पण लॉजवर नको. परक्या अंथरुणावर मला झोप लागत नाही.

"मग आपलं घरच नेऊ," मन्मथ म्हणाला होता.

इतकं चांगलं तो आयुष्यात दुसऱ्यांदा काही बोलला नाही.

अडचण मोटारीची होती. मोटार जुनी आणि लहान. मेकॅनिकनं सांगितलं, मागं जड काही लावलंत तर घाटात बसेल ती. झालं. त्या दिवसापासून मन्मथची झोप उडाली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी त्याची गत. निघायचंय, निघायचंय, हा एकच जप, आणि निघणं काही होईना.

तेव्हाही तो अप्पांकडेच आला होता. आपलं निघणं का होत नाही, असं त्यानं विचारलं होतं.

अप्पा म्हणाले होते, "निघायचं असेल तर आधी ओझं उतरव."

अप्पा हे सगळ्यांनाच सांगत. भावकीच्या भांडणाला सांगत, पोटदुखीला सांगत. तरुणपणी ते एक झोळी खांद्याला लावून गावोगाव पायी फिरले होते. गुडघे गेल्यावरच या मठात टेकले. त्यांच्या तोंडी ते वाक्य शोभायचं.

मन्मथनं घरी जाऊन स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

लिंबाच्या फांदीला त्यानं मिलमधला एक जुना वजनकाटा टांगला, आणि जे निघेल ते काट्याला लावून पाहू लागला. आधी स्वयंपाकाचा ओटा निघाला. बाहेर तीन दगड मांडून करीन, महानंदा म्हणाली. मग पाण्याची टाकी निघाली. मग खिडकी, कारण काच जड. दाराच्या आतली कडीसुद्धा काढली. बाहेर एक कडी असताना आत दुसरी कशाला, हा हिशेब.

दर वेळी तो महानंदाला विचारी, आणि ती म्हणे, "काढा."

एका संध्याकाळी काढण्यासारखं काही उरलं नाही. मन्मथ काट्याजवळ उभा राहून इकडंतिकडं पाहत होता. पाहता पाहता त्याची नजर महानंदावर आली आणि तिथं जरा थांबली. तिला ते कळलं. ती आत जाऊन भाकरी थापायला बसली.

दुसऱ्या दिवशी त्यानं घराची एक बाजू कापली. पेटी अरुंद केली, म्हणजे वारा कमी लागतो.

आणि आता रजा मंजूर झाली होती. उद्या पहाटे निघायचं होतं. म्हणून आज तो घर घेऊन मठात आला होता, पूजेला. तरी त्याचं विचारणं चालूच होतं.

"बघू तरी," अप्पा म्हणाले आणि काठी टेकत उठले.

घर मठासमोरच्या चिंचेखाली उभं होतं. मन्मथनं ते मोटारीपासून सोडवलं. पांढरं, गुळगुळीत, टोकाला निमुळतं. खोटं कशाला बोलू, काम देखणं होतं. महानंदा शेजारी पूजेचं ताट घेऊन उभी होती. तिनं मान लववून अप्पांना शरणार्थ म्हटलं आणि पदर सावरून बाजूला सरकली.

मन्मथनं घराचा दांडा एका हातानं उचलला. घर गाईच्या वासरासारखं त्याच्या मागं आलं. त्यानं चिंचेला एक फेरी मारली, मग आणखी एक. थांबवेना त्याला.

"बघा अप्पा. एका हातानं."

"हं."

"काही म्हणजे काही ठेवलं नाही. मीही आता तुमच्यासारखाच."

अप्पांनी ओसरीवर खुंटीला टांगलेल्या आपल्या झोळीकडं पाहिलं. मग त्याच्याकडं पाहिलं...

"लवकर करा अप्पा," मन्मथ म्हणाला. "चाकात हवा भरायची हाय. घरी जाऊन सामान बांधायचं हाय."

आता या मठाची एक रीत आहे. नवं घर असो, बैलगाडी असो की ट्रॅक्टर, मठात पूजेला आणलं की धन्यानं आणि धनिणीनं आधी त्यात जोडीनं बसायचं. मग विभूती, मग नारळ. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर जीव मुठीत धरून बसलेल्या कितीतरी सुना या चिंचेनं पाहिल्या आहेत. रीत सगळ्यांना ठाऊक. मन्मथलाही ठाऊक होती.

अप्पांनी तीन बोटं विभूतीत बुडवली.

"बसा जोडीनं."

मन्मथ वाकला आणि आत शिरला. आत बसायला उंची नव्हती, म्हणून आडवा झाला. खांदा या भिंतीला, खांदा त्या भिंतीला. काडेपेटीतल्या काडीसारखा तो तिथं बसला. अगदी मापात.

महानंदा ताट घेऊन दाराशी उभी राहिली.

अप्पांची बोटं तशीच वर राहिली...

चिंचेचा एक आकडा छतावर पडला. टक्क वाजलं.

"ती नंतर बसेल," मन्मथ आतून म्हणाला. "दोघं मावत नाहीत सध्या. म्हणजे प्रवासात काही अडचण नाही अप्पा. ती एसटीनं येणार. घाट संपला की मी तिला स्टँडवरून घेतो. रात्री ती मोटारीत मागच्या सीटवर झोपेल. तिला चालतं. तिला विचारलंय मी."

"विचारलंय त्यांनी," महानंदा म्हणाली.

अप्पांनी काठीच्या टोकानं दार ढकललं. दार हलकं होतं, आपणच लागलं. त्यांनी बाहेरून कडी घातली. मग ते सावकाश जाऊन ओसरीच्या कडेवर बसले आणि महानंदाला शेजारी बसायची खूण केली.

ती बसली. ताट मांडीवर घेतलं.

"अप्पा, दार लागलं," आतून आवाज आला.

अप्पांनी काठी खांबाला टेकवली.

"अप्पा, आतून कडी नाही त्याला." आत खुडबूड झाली. घर दोन चाकांवर डुलायला लागलं. कूस बदलायलाही जागा नव्हती, त्यामुळं नुसतेच गुडघे आपटत होते. "तुम्हीच म्हणाला होता ना अप्पा, ओझं उतरव म्हणून. तुमच्याच शब्दानं केलं सगळं."

"म्हणालो होतो," अप्पा म्हणाले.

हे त्यांनी फार हळू म्हटलं. बोटांवरची विभूती त्यांनी परत डबीत झाडली.

मग महानंदाला म्हणाले, "माय, उद्या निघायलाव ना. पिशवी भरली का तुझी?"

"नाही."

"कधी भरणार?"

महानंदानं ताटातला नारळ सरळ केला. तो पुन्हा कलंडला.

"मी जायची नाही अप्पा," ती म्हणाली. "एसटीनंच समुद्र बघायचा असता तर केव्हाच बघून आले असते. रोज सुटते की एसटी."

घराची भिंत कागदासारखी पातळ होती. वजन कमी करायला मन्मथनंच ती तासली होती. बाहेरचा शब्दन् शब्द आत जात होता.

घर डुलायचं थांबलं.

ऊन चढत होतं. चिंचेची सावली घरावरून सरकली आणि पांढरं छत तापायला लागलं. आतून काहीच ऐकू येईना. महानंदाचं लक्ष ताटात नव्हतं. ती उठू लागली, मग अप्पांकडं पाहून थांबली.

"कडी तुझ्या हातात हाय, माय," अप्पा म्हणाले. "मला नको विचारू."

ती दाराशी गेली. कडीवर हात ठेवला. पण काढली नाही.

इतक्या दिवसांत तिनं त्याला घराविषयी एकही प्रश्न विचारला नव्हता. काढा, एवढंच म्हणाली होती. आता ती त्या पांढऱ्या भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

"अहो..."

"हं."

"खिडकी कुठल्या बाजूला होती?"

आत गुडघा भिंतीला लागला.

"झोपल्या झोपल्या समुद्र दिसेल म्हणाला होता. ती खिडकी. कुठल्या बाजूला होती?"

बराच वेळ गेला. एवढा वेळ मन्मथ एका जागी स्वस्थ पडला असेल, तो जन्मात पहिल्यांदाच.

"तुझ्या," तो म्हणाला. "तुझ्या बाजूला होती."

महानंदानं कडी काढली.

मन्मथ सरपटत बाहेर आला. घामानं सदरा अंगाला चिकटला होता. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही, अप्पांकडंही पाहिलं नाही. सवयीनं खिशातला टेप काढला, थोडा ओढला, आणि टेप पुन्हा सर्रकन आत जाऊ दिला.

"जरा इथं उभी राहा," तो महानंदाला म्हणाला.

"कुठं?"

"इथं. माझ्याजवळ."

ती उभी राहिली. तो तिच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. मग टाचेनं त्यानं आपल्या बाजूला मातीत एक रेघ ओढली. आणि तिनं, कुणी न सांगता, तिच्या बाजूला एक ओढली.

दोघं मागं सरून त्या दोन रेघांकडं पाहत राहिले. रेघांमधली जागा घराच्या पेटीपेक्षा पुष्कळ रुंद होती. मन्मथच्या बोटांची चुळबूळ पुन्हा सुरू झाली. जीव त्याचा भोळा, पण खोड जाते थोडीच.

"एवढं केलं तर वजन चढतंय अप्पा," तो म्हणाला. "वर खिडकी आली, काच आली. उद्याचं निघणं बोंबललं. रजा गेली."

"गेली तर गेली," महानंदा म्हणाली.

"ते जाऊ दे. पण पुढं? गाडीचा जीव केवढा. दोघांना घेऊन, एवढं घर ओढत ती घाट चढायची नाही. मेकॅनिकनं लिहून दिल्यागत सांगितलंय. अर्ध्यात बसेल. मग काय करायचं अप्पा? घाटाच्या मधोमध गाडी बसली, तर काय करायचं आम्ही?"

अप्पा काठी टेकत आले. तीन बोटं पुन्हा विभूतीत बुडवली. आधी महानंदाच्या कपाळावर ओढली, मग मन्मथच्या.

घराला लावली नाही.

"उतरायचं," अप्पा म्हणाले. "आणि जोडीनं ढकलायचं."