शिशाचे कोंबडे

"दमडी कसली मागतेस, हौसे? बिल्ला दे, ताडी पी!" खंडूशेट गुत्तेदार खेकसला.

"मी ताडी पीत नाही, मेल्या! आणि वाणी तुझ्या शिशाला हरभरा देत नाही. तीन दिवस माझी भट्टी थंड आहे!"

हौसा फुटाणेवालीने गाडगं त्याच्यापुढे आदळलं. आत कोंबड्याचा छाप मारलेले मोजून तीनशे शिशाचे बिल्ले होते.

पेठेत सुट्ट्या दमड्यांचा दुष्काळ पडला, तेव्हा शेटनेच ते पाडले. दमडीऐवजी बिल्ला, बिल्ल्याला एक प्याला ताडी. पिणारे तोच बिल्ला हौसाला देऊन फुटाणे चघळत. आता रोकड परत द्यायची म्हटल्यावर शेट हात झटकत होता!

वसुलीला आलेले कमाविसदार ओट्यावरच बसले होते. मिशीत हसून म्हणाले, "बिल्ल्याला ताडी, हाच करार. इथंच बसून प्यायची, तीही आजच. दिवस मावळला की उरलेली शेटची!"

तीनशे प्याले! गर्दी खिदळली. हौसाने पदर खोचला.

"पिते, सरकार. पण सगळी आत्ता मोजून माझ्यापुढे मांडा. मागाहून हा संपली म्हणेल!"

"रास्त आहे."

शेटने बिल्ले घेतले, प्याल्याने मापून मडकी भरली. तीनशेव्या प्याल्याला पहाटे उतरवलेली सगळी ताडी संपली. हौसा मडक्यांच्या मधोमध फतकल मारून बसली आणि पदराने वारा घेऊ लागली.

नेमका बाजाराचा दिवस! रोकडा घेऊन आलेली गिऱ्हाइकं दारात ताटकळली.

"पी की गं, बये!"

"पिते की. दिवस कुठं पळून चाललाय?"

मडक्यांना फेस चढू लागला. दुपारनंतर आंबलेल्या ताडीला कुत्रंसुद्धा हुंगत नाही, हे शेटला काय सांगायचं! त्यात चार गिऱ्हाइकं नदीपलीकडच्या गुत्त्याकडे वळली. शेटने धावत जाऊन गाडगं तिच्या मांडीवर ठेवलं.

"घे बाई तुझे तीनशे बिल्ले! ताडी सोड!"

त्यावर हौसा जे बोलली, ते ऐकून कमाविसदार पागोटं सुटेस्तोवर हसले, हातातलं चांदीचं कडं त्यांनी तिला बक्षीस दिलं, आणि शेटचा हात कमरेच्या पैशाच्या थैलीकडे गेला.

ती म्हणाली, "कोंबडे तूच पाळ, शेट, मला तीनशे दमड्यांची चांदी मोज, आणि बिगीनं मोज, ऊन चढतंय!"