राजाचा हत्यारखाना आन् हौसाचा हात

भोकरगडच्या सर्जेराव राजानं केरबा सुताराचा लाकूड तासायचा वाकस उचलून न्हेला, आन् त्योबी ऐन पेरणीच्या तोंडावर!

लढाईला न्हाई, शिकारीला न्हाई. हौस म्हनून! राजाला सुतारकामाची हौस लागली व्हती. आता हौस लागली तर मानसानं एक रंधा घ्यावा, एक करवत घ्यावी, कोपऱ्यात बसून खुटखुट करावी. ह्या गड्यानं चाळीस रंधे घेतले! करवती साठ! पटाश्या, गिरमिटं, कानशी मोजता मोजता कारकून आजारी पडला. आन् चार वर्सांत बनवलं काय? एक पाट! त्योबी असा डुगडुगायचा, की दिवाणजी त्याच्यावर जेवायला बसले की आमटी थेट धोतरावर!

दिवाणजी हात जोडून म्हनायचे, "महाराज, हत्यारांपायी खजिना आटला. गडाच्या दरवाजाला बिजागरी घ्यायची तर पैसा नाही."

राजा मिशीला पीळ देऊन म्हनायचा, "दिवाणजी, हौसेला मोल नसतं!"

खजिना आटला तसं राजानं ह्या म्हनीला नवा दांडा बसवला. गावोगावच्या सुतारांची हत्यारं उचलायची, आन् पैसं मागितलं की वर तोंड करून सांगायचं, हौसेला मोल नसतं! आरं, मग चोरी म्हंजी दुसरं काय असतं?

केरबाचा वाकस त्याच्या आज्याचा. लाकूड असं तासायचा, जसं लोण्यातनं बोट. त्यो गेला आन् केरबा खाटंवर बसला त्यो बसलाच. अंगनात निम्म्या गावाचे कुळव आन् तिफनी मोडून पडलेल्या. पेरनी चुकली तर गाव खानार काय, आन् सुताराला बलुतं देनार काय?

केरबाला एकच लेक. बापासंगं लाकूड तासत वाढलेली, जिभेला पटाशीची धार. तिनं पदर खोचला आन् गड चढून थेट दरबारात हुबी राह्यली.

"सरकार, माझ्या बाचा वाकस द्या!"

राजा दरबाराला लागूनच्या हत्यारखान्याच्या दारात बसून रंध्याला तेल लावत व्हता. "आमच्या हौसेला आवडलाय तो. मिळणार नाही."

"हत्यार म्हंजी लोनचं हाय व्हय, बरनीत घालून मुरवायला? आम्ही वर्सातनं एक दिस हत्यारं पुजून ठिवतो, खंडेनवमीला. तुमच्याकडं बारा म्हैने खंडेनवमी!"

दिवाणजींना खोकला आला. खोकला कसला, हसू!

राजाचं नाक लाल झालं. "तोंड फार चालतं तुझं! ऐक मग. आमच्या हत्यारखान्यात नाही असं एक हत्यार आणून दे. त्याला कवडी खर्च होता कामा नये, आणि त्याच्यावाचून बाकीची सगळी हत्यारं फुकट ठरली पाहिजेत. आणलंस तर वाकस तुझा. नाहीतर तुझ्या बापाची उरलेली हत्यारंही इथंच जमा! उद्यापर्यंत मुदत देतो."

"उद्या कशाला? आत्ताच देते की!"

"रिकाम्या हातानं आलीस आणि..."

"हातातच हाय, सरकार!" तिनं तळवा पुढं केला. "लाजू नगा, बोट लावून बघा."

राजानं बोट लावलं आन् दचकून मागं घेतलं. तळवा कसला, बाभळीची साल!

"ह्याला घट्टा म्हनत्यात. बाजारात मिळत न्हाई, कवडी पडत न्हाई. तुमच्या हत्यारखान्यात हाय का? आता तुमचा हात दावा!"

राजानं हात उघडला. पुरनाच्या गोळ्यावानी मऊ! त्यानं लगेच मूठ झाकली. "हे असेल. पण त्याच्यावाचून आमची हत्यारं फुकट कशी?"

"तुमच्या चाळिसातला चांगला रंधा उचला, आन् दारात पडलेल्या ह्या फळीवर धा हात मारा."

राजा सरसावला. एक... दोन... तिसऱ्या हाताला रंधा अडकला, पाचव्याला तळव्यावर टपोरा फोड! "आई गं!" म्हनून राजा रंधा टाकून हातावर फुंकर घालाय लागला. पोरीनं त्योच रंधा उचलून सरकन वढला. कांद्याच्या पापुद्र्यावानी पातळ साल निघाली आन् उडून दिवाणजींच्या पगडीवर जाऊन बसली.

पर खोड जाईल तर त्यो राजा कसला!

"ठीक आहे, जिंकलीस. पण त्या वाकसाला आम्ही चांदीचं कडं बसवलंय, ते आता निघत नाही. त्याचं मोल टाक आणि घेऊन जा."

बसवलं यानं, बसवायला सांगितलं कुनी? पर पोरगी चिडली न्हाई. उलट गालात हसली.

"सरकार, माझं नाव तुम्ही इचारलंच न्हाई."

"काय नाव तुझं?"

"हौसा!"

तिनं दिवाणजींकडं बघितलं. "आन् दिवाणजी, हौसेला...?"

चार वर्सं आमटीनं धोतर भिजलेला मानूस त्यो! पगडी उडंस्तोवर वरडला, "मोल नसतं, महाराज! हौसेला मोल नसतं!"

राजाच्या मिशा थरथरल्या, पोट हाललं, आन् त्यो असा खदाखदा हसला की भिंतीवरच्या करवती छनछन वाजाय लागल्या. "पोरी, आमच्याच रंध्यानं आम्हाला तासलंस की!"

वाकस चांदीच्या कड्यासकट हौसाच्या हातात आला. वर एक दुभती म्हस बक्षीस. शिवाय उचललेली सगळी हत्यारं सात बैलगाड्यांत भरून गावोगावी माघारी गेली. त्या सांजंला केरबाच्या अंगनात पयला कुळव उभा राह्यला.

राजानं सोताला एकच रंधा ठिवला. दोन म्हैन्यांनी हातावर हरभऱ्याएवढा घट्टा उगवला, तर येईल त्याला तळवा दावत सुटला, जसा काय किल्लाच जिंकलाय!

पाट मातुर अजून डुगडुगतोच. दिवाणजी आता उभ्यानंच जेवत्यात.