चढलं की विका

एका गावात सुबराव नावाचा एक भोळा भागधारक होता. भागधारक म्हणजे काय, हे त्याला विचारू नका. सासऱ्यानं लग्नात गुळाच्या कंपनीचे शेअर दिले, यानं ते हातात धरले, झाला धारक! त्याच्या बायकोला, हौसाला, ते विकून म्हैस घ्यायची होती. राहायला आलेल्या तिच्या आईच्या घशाखाली कोरा चहा उतरत नव्हता.

पण कंपनीत दोन गट. एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत. त्यापायी शेअर पडले.

सुबराव खाटेखाली शिरला.

“अहो, काय शोधताय?”

“शेअर पडले म्हणं.”

“पडले तर पडू द्या. आपोआप चढतात.”

दुसऱ्या दिवशी सासूबाई उंबऱ्याला ठेचकाळून पडल्या. सुबराव शेजारी बसून राहिला.

“जावईबापू, हात द्या की!”

“थांबा जरा. आपोआप चढाल.”

हौसानं कपाळ बडवलं. “अहो, माणूस पडलं की हात धरून उठवावं, जागेवर नेऊन बसवावं!”

मग आली कंपनीची सभा. सगळ्यांनी हात वर केले आणि जुने अध्यक्ष पडले. दुसऱ्या गटाचे नवे खुर्चीत बसले. सुबराव उठला. पडलेल्याचा हात धरला आणि त्याच खुर्चीत, नव्याला सरकवून, दाबून बसवलं.

लोक म्हणाले, “गट एक झाले रे!” टाळ्याच टाळ्या. शेअर चढले.

हौसा हरखली. “पळा! चढलं की विकायचं, पडलं की घ्यायचं. ध्यानात ठेवा!”

सुबरावानं शेअर विकले. दुभती म्हैस घेतली. इथवर शहाणाच म्हणायचा. दावं धरून निघाला, तर वाटेत लागली टेकडी. म्हैस चढली.

“चढली!” म्हणाला, आणि तिथंच विकून टाकली.

तोवर तिकडे एका खुर्चीत दोघा अध्यक्षांची जुंपली. एकाचा फेटा गेला, दुसऱ्याची बाही. शेअर धाडकन पडले.

हौसा दारात भाकरतुकडा घेऊन उभी, म्हशीवरून ओवाळायला. मागं सासूबाई, हातात चहाची गाळणी.

“म्हैस कुठाय?”

सुबरावानं बंडीतनं कागद काढले. तेच.

“पडले होते. घेतले.”

सासूबाईंनी गाळणी आपटली, गाठोडं उचललं आणि तरातरा एसटीत चढल्या.

सुबराव मागनं धावला.

“ओ कंडक्टर! चढल्या बघा! काय भाव देताय?”